पाहुणं बियाणं

मेंढरांची गोष्ट निघाली तेव्हा कमलाकांत दर्यापूरकर बशीत चहा ओतत होता. तो ओतायचा थांबला नाही, म्हणून बशी भरली आणि चहा काठावरून त्याच्या पायजम्यावर सांडला. समोर जानराव उभे होते. खुर्ची दिलेली असूनही उभे, कारण भाषण उभ्यानं करायचं असतं एवढं त्यांना ठाऊक होतं आणि ते भाषणाची तालीम करत होते. भातकुलीजवळच्या आपल्या गावाहून पहिल्या मोटारीनं आले होते. डोक्याला धुतलेला फेटा, पायांत नवा करकरणारा जोडा, आणि दाराशी टेकून ठेवलेली ज्वारीची पिशवी. "साहेबाच्या घरी रिकाम्या हातानं जायाचं नाई," असं दुर्गाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बजावून धाडलं होतं. अकराला कॅम्पात शेतकी खात्याची बैठक होती, तिथे जानरावांचा शाल-नारळ देऊन सत्कार व्हायचा होता आणि सत्काराला उत्तर म्हणून त्यांना चार वाक्यं बोलायची होती. तीन वाक्यं ठीक झाली. चौथं हे असं आलं: "सरकारची संकरित जवारी म्हनजे आमच्या वावरातली पाव्हनी. पाव्हन्याले कोनी उपाशी ठेवते काय? म्हनून मी तिच्या अर्ध्यात तीन राती मेंढरं बसवली."

"किती मेंढरं?" कमलाकांतनं विचारलं. आपला आवाज शांत आहे याचं त्याला नवल वाटलं.

"दोनशेक असतीन. आमच्या पुंजाजी धनगराचा कळप. असं खतलं वावर, का बोट खुपसलं तं बोट रुजाव!"

"आणि गावरानीच्या अर्ध्यात?"

"थे तं घरचीच ना जी," जानराव हसले. "घरच्यायचं काय, अर्ध्या भाकरीवर भागते."

विमल आतून पिशवी उचलायला आली. ही नवीनच ज्वारी का, असं तिनं कौतुकानं विचारलं. "नाई बाई, गावरानी आहे," जानराव म्हणाले, "तुमाले खायाले आनली ना. थे संकरित बजारात गेली." विमल पिशवी घेऊन आत गेली, आणि कमलाकांत म्हणाला, "जानराव, ते मेंढरांचं तेवढं सांगू नका."

"काहून?"

"भाषण लांबतं."

जानराव "बरं," म्हणाले आणि खुर्चीवर बसले. इतक्या लवकर बसले की कमलाकांतला ते आवडलं नाही.

टांगा करू म्हटलं तर जानराव म्हणाले, पायानंच जाऊ, मोटारीत बसून बसून अंग आंबलं. म्हणून दोघे अंबागेटातून बाहेर पडून चालत निघाले. फाल्गुनातलं ऊन अजून कोवळं होतं. कपाशीच्या गाड्या जिनांकडे चालल्या होत्या, आणि त्यांच्यातून उडालेला कापूस लिंबाच्या फांद्यांना, तारांना, कुणाच्या वाळत घातलेल्या लुगड्याला चिकटून बसला होता. कमलाकांतच्या बगलेत फाईल होती. तिच्यातला सगळा मजकूर त्याला तोंडपाठ होता, कारण तो त्याचाच होता. पाच गावांत पाच शेतकरी निवडले होते. प्रत्येकाचं एक एकर, अर्ध्यात गावरानी, अर्ध्यात संकरित. नांगरट सारखी, सरकारी खत सारखं, पेरा एकाच दिवशी. चार गावांत संकरित ज्वारी दीडपट पिकली. पाचव्या गावात, जानरावांकडे, साडेतीनपट. पाचांची सरासरी काढली तर जवळजवळ दुप्पट. पुढच्या साली पावसानं दगा दिला, पाचही वावरं करपली आणि ते साल धरायचं नाही असं ठरलं. म्हणजे जे काही होतं ते त्या एका सालावर होतं. फाईल वर गेली तेव्हा टंकलेखनात 'जवळजवळ' हा शब्द कुठेतरी गळला. 'दुप्पट' एवढाच राहिला. ते त्याच्या ध्यानात आलं होतं. एका शब्दासाठी कशाला फाईल परत मागवायची, असं म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. आता त्या 'दुप्पट'वर आज शिक्कामोर्तब व्हायचं होतं: येत्या मृगाला एकशेचाळीस गावांत हेच बियाणं, आणि सरकारी फार्मावरच्या कोठीतलं गावरानी बियाणं मोडीत काढून जागा रिकामी करायची. त्याच फाईलच्या जोरावर दिल्लीला संशोधनाच्या जागेसाठी कमलाकांतचं नाव जायचं होतं. विमलनं शेजारणीला सांगूनही टाकलं होतं की आमचं दिल्लीचं जवळपास ठरलंय. घरात मात्र 'जवळपास' हा शब्द शाबूत होता.

चूक कुणाची, असं तो चालता चालता स्वतःला विचारू लागला, आणि उत्तर फार दूर जावं न लागता मिळालं, याचाच त्याला राग आला. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. जानरावांच्या काळ्या वावरात एवढ्या भेगा पडल्या होत्या की खुंटी ठोकायला लागलं तर खुंटीच आत जायची. तो टेप धरून उभा, जानराव खुंट्या रोवताहेत. नियम असा की कोणत्या अर्ध्यात कोणतं बियाणं जाणार हे कोणालाच आधी कळू द्यायचं नाही. पेरणीच्या दिवशी, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून, नाणं उडवून ठरवायचं. हा नियम त्यानं स्वतः नागपूरला परीक्षेत लिहिला होता आणि त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते. पण खुंट्या रोवून झाल्यावर जानरावांनी घाम पुसत विचारलं, "मंग साहेब, पाव्हनी कोनत्या खोलीत उतरनार?" त्याला इतकं हसू आलं. नुसत्या परिपत्रकांत जगणाऱ्या माणसाला असं एखादं वाक्य ऐकलं की गार पाणी प्यायल्यासारखं वाटतं. आणि त्या खुशीत तो म्हणाला, "पूर्वेकडच्या." झालं. नाणं उडवायचं काम त्यानं तिथेच, भर उन्हात, एका शब्दात उरकून टाकलं. त्याला वाटलं, काय मोठंसं बिघडतं? माणसाला विश्वासात घेतलं म्हणजे माणूस जीव लावून काम करतो. जानरावांनी जीव लावलाच होता. कुठे लावला, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

ठाऊक नव्हतं, हे तरी खरं का? राजकमल चौकात रेशनच्या दुकानासमोर रांग लागली होती. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी घ्यायला बाया पिशव्या घेऊन उभ्या होत्या, आणि एकजण दुसरीला सांगत होती की तिची भाकर थापता थापताच तुटते. जानराव रांगेकडे पाहत पाहत पुढे गेले. कमलाकांतच्या नाकाला मात्र कुठून तरी मेंढरांचा वास आला. इथे चौकात मेंढरं नव्हती. तो वास पेरणीच्या दिवसाचा होता. मृगाचा पहिला सडा पडून गेला होता, जानरावांनी वखरपाळी करून वावर भुसभुशीत करून ठेवलं होतं, आणि पूर्वेच्या अर्ध्यात पाऊल टाकताच ओल्या मातीतून तो उग्र, लोकरीचा, मुताचा वास असा अंगावर आला की त्यानं रुमाल नाकाला लावला. रुमाल लावला, याचाच अर्थ नाकाला कळलं होतं. नाकाला कळलेलं डोक्यापर्यंत का गेलं नाही? गावात वास येतातच, असं डोक्यानं म्हटलं असेल. पश्चिमेकडच्या अर्ध्यात गेल्यावर रुमाल खिशात ठेवला होता. तेही त्याला आता आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. मग सुगी. खळ्यावर तागडी टांगलेली, जानराव आणि गडी पोती चढवताहेत. आकडा पाहून कमलाकांतनं माप तीनदा करायला लावलं. तीनदा मोजलं आणि असं कसं झालं हे एकदाही विचारलं नाही. चार गावांत दीडपट आली तेव्हा त्यानं प्रत्येक शेतकऱ्याला बसवून विचारलं होतं: पाणी साचलं का, खोडमाशी लागली का, खुरपणी चुकली का? कमी आलं की आपण कारण शोधतो. जास्त आलं की ते आपल्या कर्तबगारीत जमा होतं. शास्त्र शिकलेल्या माणसाची ही खोड त्याला आधीपासून माहीत होती. फक्त ती दुसऱ्यांची आहे असं तो धरून चालला होता.

"साहेब," जानराव मधेच म्हणाले, "माहं काई चुकलं काय?"

"नाही, नाही."

"नाई, तुमी बोलून नाई राहिले म्हनून इचारलं."

"उशीर होतोय," कमलाकांत म्हणाला. उशीर होत नव्हता.

एका वाक्यापुरती गोष्ट आहे, असं त्यानं मनाची समजूत घालायला घेतलं. झाकली मूठ सव्वालाखाची. खोटं तर कुठेच लिहिलेलं नाही. खळ्यावर जे माप झालं तेच फाईलमध्ये आहे. शिवाय चार गावांत दीडपट आली ती तर खरीच आहे ना? दीडपट काय थोडी झाली? वरचे साहेब, उत्तमराव, परवाच म्हणाले होते, "दर्यापूरकर, भुकेला माणूस दशांशस्थळं मोजत नाही." ते मूर्ख नव्हते, वाईट तर मुळीच नव्हते. रांगेतल्या त्या बाया त्यांनाही रोज दिसत होत्या. देश अमेरिकेच्या बोटीकडे डोळे लावून बसलेला असताना एका वावरातल्या मेंढरांच्या लेंड्या चिवडत बसणारा माणूस म्हणजे दुधात मिठाचा खडा. पण मग दुसरं मन हळूच म्हणे, दीडपट आणि दुप्पट यांच्यामध्ये एक बैलजोडी उभी आहे. संकरित ज्वारीचं ताट बुटकं. बैलांना कडबा निम्मा. दाणा दुप्पट आला तर शेतकरी कडबा विकत घेईल. दीडपटच आला तर तो दाण्याकडे पाहील, गोठ्याकडे पाहील आणि मग गावरानी बियाणं परत मागायला फार्माकडे पाहील. आणि एकशेचाळीस गावांत पुंजाजीचा कळप पुरणार होता थोडाच. तिथे ही पाहुणी घरच्यांसारखीच अर्ध्या भाकरीवर राहायची. आणि तोवर कोठीतलं गावरानी मोडीत निघालेलं. पी हळद अन् हो गोरी, अशा घाईनं एक बियाणं आणायचं आणि दुसरं संपवायचं. आणायला एक मोसम पुरतो. संपलेलं परत आणायला कोणाच्या कोठीत जायचं?

इर्विनच्या चौकापाशी जानराव जोडा काढून टाच चोळायला थांबले. नवा जोडा चावत होता. कमलाकांत बाजूला उभा राहिला आणि त्याला एकदम वडिलांची आठवण झाली. हरिहरशास्त्री दर्यापूरकर अंबागेटातल्या निम्म्या घरांचे भिक्षुक होते, आणि लग्नमुहूर्तासाठी घरातलं तांब्याचं घटिकापात्र घेऊन जात. तळाला बारीक भोक असलेली वाटी, पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. कमलाकांत नागपूरहून शेतकीची पदवी घेऊन आला त्या संध्याकाळी वडील ओसरीवर बसले होते. म्हणाले, "तू आता मोजमापाच्या धंद्यात पडतो आहेस, म्हणून सांगतो." एका लग्नात वाटीच्या भोकात अक्षतेचा एक दाणा अडकला होता. वाटी वेळेवर बुडेना. सावलीवरून त्यांना कळलं की मुहूर्त टळून गेला. मंडपात दुसऱ्या कुणालाच कळलं नाही. दाणा नखानं काढून त्यांनी वाटी बुडू दिली आणि 'सावधान' म्हटलं. "मग?" कमलाकांतनं विचारलं होतं. "मग काही नाही," वडील म्हणाले, "संसार उत्तम झाला." त्यावेळी त्याला ही गमतीची गोष्ट वाटली. पण ते जोडपं दर दसऱ्याला सोनं द्यायला घरी यायचं, ते त्याला आता आठवलं. नमस्कार झाला की वडील त्यांना सोडत नसत. मुलं बरी आहेत ना? खोकला गेला ना? सासूबाईंचं कसं? परत, मुलं बरी आहेत ना? ते दोघं हसायची. शास्त्रीबुवांना आमची फार काळजी, म्हणायची. ती गेल्यावर वडील बराच वेळ हातातलं आपट्याचं पान उलटंसुलटं करत बसत. वीस वर्षं. त्या वाटीतला दाणा वडिलांनी काढला होता असं आपण समजत होतो, कमलाकांतच्या मनात आलं. जानरावांनी जोडा पायात चढवला. दोघे पुढे निघाले.

कॅम्पातल्या त्या लांबोळ्या खोलीत पंखे लावण्याइतका उकाडा नव्हता तरी पंखे चालू होते आणि प्रत्येकाच्या कागदांवर दगड ठेवलेले होते. वीसेक माणसं. उत्तमराव मधोमध, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी सत्कार उरकला. शाल जानरावांच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला; नारळाचं काय करावं हे न सुचल्यानं जानरावांनी तो काखेत धरला. मग उत्तमराव म्हणाले, "हां, बोला जानराव, साडेतीनपट पिकवण्याची हिकमत आम्हालाही कळू द्या." जानराव उभे राहिले. पहिलं वाक्य ठीक झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला माणसं कौतुकानं हसली. मग ते थांबले. कमलाकांत टेबलावरच्या दगडाकडे पाहत होता. तो साधा, नदीतला, गुळगुळीत दगड होता. वर्धेच्या पात्रातला असेल. आता हे खाली बसतील, त्यानं मनाशी म्हटलं, आणि सगळं पार पडेल.

"अजून एक गोस्ट होती," जानराव म्हणाले, "पन थे दर्यापूरकर साहेबानं सांगू नोको म्हनलं, म्हनून नाई सांगत." आणि ते खाली बसले.

खोलीत मोठा हशा पिकला. उत्तमरावांनाही हसू आवरेना. "अहो दर्यापूरकर, काय लपवताय आमच्यापासून?" जानराव गोंधळून याच्या-त्याच्याकडे पाहू लागले. हसण्यासारखं काय झालं ते त्यांना समजेना. त्यांनी तर सांगितल्याप्रमाणे केलं होतं. त्यांचा तो चेहरा पाहिला आणि कमलाकांतला वाटलं, हा माणूस घरी जाईल, दुर्गाबाईला शाल दाखवील, आणि आपण काहीतरी चुकीचं केलं एवढं मनात धरून बसेल. काय चुकलं ते मात्र त्याला कधीच कळणार नाही. दर वेळी तो नमस्कार करील आणि आपण विचारू, जानराव, सगळं बरं आहे ना? दुर्गाबाई बऱ्या आहेत ना?

तो उभा राहिला. "साहेब, जानरावांच्या वावरातला आकडा फाईलमधून काढून टाकावा लागेल," तो म्हणाला. मग मेंढरांचं सांगितलं. खुंट्यांचं सांगितलं: कोणत्या अर्ध्यात काय पडणार हे आधी सांगायचं नसतं, ते मी सांगितलं. रुमालाचंही सांगितलं, जे कोणी विचारणार नव्हतं. "यांचा दोष नाही. आणि आज सकाळी यांना गप्प राहायला मीच सांगितलं." सकाळी विमलनं ठेवलेला चहा आपण धड प्यालोच नाही, एवढंच त्याच्या मनात येऊन गेलं.

उत्तमरावांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, फाईल उघडली, पाचव्या गावाचं पान वाचलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"आज. आठ वाजता."

"काल कळलं असतं तर बरं झालं असतं," उत्तमराव म्हणाले. "उद्या कळलं असतं तर त्याहून बरं." कोणी हसलं नाही. त्यांनी 'दुप्पट'वर रेघ मारून वर 'दीडपट' लिहिलं, बराच वेळ विचार केला, आणि कोठी मोडण्याच्या कलमासमोर 'एक वर्ष तहकूब' असं लिहिलं. बियाणं मात्र जाईल, म्हणाले, मागेल त्याला. लोकांना खायला हवं आहे. आणि प्रयोग पुन्हा, वीस गावांत. मग शेवटचं पान काढून, ज्यावर दिल्लीसाठी नाव सुचवलं होतं, ते त्यांनी न फाडता नीट घडी करून आपल्या खिशात ठेवलं. "याचं पुढं पाहू," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर कमलाकांतला सोपं गेलं असतं.

बाहेर ऊन चढलं होतं. फाटकापाशी जानरावांनी खांद्यावरची शाल उतरवली, चौघडी केली आणि पुढे धरली. "हे ठेवून घ्या जी. माह्या हातून लबाडी झाली."

"लबाडी नाही, जानराव," कमलाकांत म्हणाला. त्याला समजावून सांगायचं होतं. नियंत्रित खंड, तुलनात्मक चाचणी, असे शब्द जिभेवर आले. हेच शब्द पत्रकात छापून त्यानं पाच गावांत वाटले होते आणि लोकांनी त्यांत तंबाखू बांधली होती. त्यानं ते शब्द गिळले. भिक्षुकाच्या घरात जन्मलेल्या माणसाला जे पाचव्या वर्षीच माहीत असतं ते त्याला आज, पस्तिसाव्या वर्षी, कॅम्पाच्या फाटकात सुचलं. "हे पाहा, आपण जेवायला दोघांना बसवलं. कोण जास्त जेवतो ते आपल्याला पाहायचं आहे. तर एकाच्या पानात तूप-पोळी आणि दुसऱ्याच्या पानात कोरडी भाकर, असं चालेल का? ती पंगत होती, जानराव. दोन्ही पानं सारखी वाढायला पाहिजे होती."

बोलता बोलता दोघे फाटकाबाहेर आले होते; जानराव रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून येणाऱ्या कापसाच्या गाडीवाल्यानं हाक दिली तरी हलले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"म्हनजे थे पंगत होती?" ते म्हणाले. "अन् मी पंक्तिप्रपंच केला? मी?"

"तुम्हाला कोणी सांगितलंच नाही."

"असं आधी सांगाव की जी! तुमी म्हनलं परयोग. परयोग म्हनजे मले वाटलं पाव्हनीची खातिरदारी. माह्या घरी आजवर पंगतीत भेद नाई झाला बाप्पा. गडीमानसाले अन् जावयाले एकाच बगुन्यातलं वाढतो आमी." ते खरोखर दुखावले होते. लबाडीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं, आणि त्याचा बोल त्यांनी स्वतःला लावला नाही, सरळ कमलाकांतला लावला. कमलाकांतला बरं वाटलं.

गाडीवाल्यानं पुन्हा हाक दिली. जानराव बाजूला झाले, शाल परत खांद्यावर टाकली, नारळ दुसऱ्या काखेत घेतला. मोटारीच्या अड्ड्याकडे दहा पावलं गेले असतील, तिथूनच वळून मोठ्यानं म्हणाले, "येत्या मिरगाले या साहेब. अन् हे पाहा, कोनाचं पान कुठी, थे मले सांगू नोका."

कमलाकांतनं मान हलवली. मग टाच चावते म्हणून लंगडत चाललेल्या त्या माणसाच्या मागे तो भरभर निघाला, कारण मोटारीला अजून दीड तास होता आणि जानरावांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.